साहेबाच्या मोटारीचा उंबरा

आमचं घर रुळांवर उभं होतं. खोटं वाटेल, पण श्रीगोंद्याकडच्या आमच्या साखर कारखान्यात कुणालाही विचारा. वर्कशॉपच्या मागे लिंबाखाली एक जुनी डिझेलची मोटार होती. दिसायला एसटीसारखी, पण लहान, आणि चाकं लोखंडी, रुळावर चालणारी. इंग्रज मॅनेजर होता तेव्हा तो तिच्यात बसून उसाचे मळे बघत फिरायचा. पुढे ऊस ट्रकांनी आणि बैलगाड्यांनी यायला लागला, साहेब विलायतेला गेला आणि मोटार लिंबाखाली राहिली. माझं लग्न झालं तेव्हा चाळीत खोली रिकामी नव्हती. स्टोअरकीपर म्हणाला, "कानिफनाथ, तोवर मोटारीत राहा." त्या 'तोवर'मध्ये आमचा सगळा संसार झाला.

माझी बायको चांगुणा शनिशिंगणापूरची. तिकडे घरांना दारं नसतात. तिने पहिल्याच आठवड्यात मोटारीची दोन्ही दारं माझ्याकडून खोलून घेतली. एक शेजारच्या मालनबाईला पापड वाळवायला दिलं, दुसरं आडवं टाकून त्यावर आम्ही आंघोळ करायचो.

मी म्हटलं, "अगं, कुत्रं शिरंल."

"दार नसलं तरी उंबरा हाय की," ती म्हणाली.

दाराच्या जागी खाली लोखंडाची पट्टी होती, तिला ती उंबरा म्हणायची. रोज सकाळी ती पट्टी पुसून हळदीकुंकू लावायची. त्या पट्टीच्या आत पायात काही घालून यायचं नाही, हा तिचा कायदा. मला माफी नव्हती, मुकादमाला नव्हती. एकदा सरकारी इन्स्पेक्टर चुकून आत येत होता. त्याला तिने बूट काढायला लावले. मोज्याला भोक दिसलं, तर त्याला बसवून तेही शिवून दिलं.

बांगलादेशची लढाई झाली त्या साली, पावसाळ्यात ती काविळीने गेली. बॉनेटखाली ती गोवऱ्या ठेवायची, त्या तशाच राहिल्या. तिच्या चपला पायरीखाली होत्या, तिने काढल्या होत्या तिथेच. मी त्या हलवल्या नाहीत. वाटेत नव्हत्या.

पुढच्या उन्हाळ्यात आमचे चेअरमन सहादेवराव लिंबाखाली आले. मोटारीभोवती एक फेरी मारली.

"कानिफनाथ, कारखान्याला चाळीस वर्सं झाली. समारंभ करायचाय. ही मोटार चालू कर. पाव्हने बसवून आठ नंबरच्या मळ्यावर नेऊ. तिथं मांडव घालतो."

"आन मग?"

"मग हिला गेटवर उभी करू. चौथरा बांधू, वर पत्रा टाकू. येनाराजानारा बघंल, जुन्या काळाची वस्तू हाय. तुला चाळीत खोली देतो. दार हाय तिला. कडीकोयंडा हाय."

माणूस चांगला होता. खोलीला दार आहे हे त्यांनी फार प्रेमाने सांगितलं.

मी योसेफला सांगितलं. योसेफ माझा जोडीदार, पूर्वी उसाचं इंजिन चालवायचा, आता लेथवर असतो. त्याने लगेच तोड काढली.

"सोपं हाय. सांग, डिझेलचा पंप गेलाय. नवा पंप विलायतेवरनं यायला लागंल. तवर चेअरमन बदलंल."

"पंप चांगला हाय की."

"ते तुला म्हाईत. त्यांना कुठं म्हाईत?"

"उद्या लोक म्हनतील, कानिफला इंजिन जमलं न्हाई."

"मग घर जाईल."

"व्हय."

"लई अवघड मानूस हायेस. वहिनी म्हनायच्याच."

मोटार चालली तर घर जाणार आणि नाही चालली तर नाक जाणार. मी फिटर आहे. मी पाना हातात घेतला.

आधी मोटारीचे अवयव गोळा करायचे होते. साहेबाचं चामड्याचं मोठं बाकडं छगनच्या सलूनमध्ये होतं. आम्ही गेलो तेव्हा त्यावर गोरक्ष मुकादम बसलेला, एका गालाला साबण.

"हे न्यायचंय," मी म्हटलं.

"अर्धी दाढी राह्यलीय," छगन म्हणाला.

"अर्धी उभ्यानं कर," योसेफ म्हणाला.

"बाकडं गेलं तर गिऱ्हाईक बसंल कुठं?"

"चेअरमनच्या मांडीवर. त्यांनीच मागवलंय."

गोरक्ष उठला. तोंड पुसायला हातरुमाल शोधत आमच्यामागे वर्कशॉपपर्यंत आला आणि तिथेच कामाला लागला. संध्याकाळपर्यंत त्याची एक बाजू तशीच होती.

मालनबाईकडे दार मागितलं. ती म्हणाली, "न्या की, तुमचंच हाय. पन माज्या कुरडया वाळू द्या."

चेअरमनला निरोप गेला की काम कुरडयांमुळे थांबलं आहे. त्यांचा उलट निरोप आला की घाई करू नका, ओल्या राहिल्या तर बुरशी येते.

मग बॉनेट उघडलं. गोवऱ्या निघाल्या, उंदराचं घरटं निघालं आणि चांगुणाची उलथणी निघाली. ती उलथणी मीच कुठेतरी पत्रा खरवडायला नेली आणि हरवली, असं ती शेवटपर्यंत म्हणत होती. मी पुसून हत्यारांच्या पेटीत ठेवली. योसेफने बघितलं आणि नोझल पुसायला घेतला. तो न बोलण्याइतका शहाणा कधी कधी असतो.

रिंगा बदलल्या, नोझल धुतले, गॅस्केट कापून बसवलं. चूल बाहेर काढली, छताची काजळी घासून काढली. गिअरबॉक्स उघडल्यावर कळलं की मागे जायच्या गिअरचे दात झडलेत. तसा गिअर आता कुठे मिळणार नव्हता, आणि लेथवर करण्याइतकं चांगलं पोलादही आमच्याकडे नव्हतं. मी चेअरमनना सांगितलं, "पुढं जाईल. मागं न्हाई."

"मागं कुनाला जायचंय?" ते म्हणाले. "पाव्हने जीपनं परत येतील. मोटारीला बैल जुंपून आना."

इंजिन सुरू करायच्या दिवशी मी आणि योसेफ आळीपाळीने हँडल मारत होतो. बऱ्याच वेळाने ते खोकलं, थांबलं, परत खोकलं आणि एकदम धडधडायला लागलं. एवढा काळा धूर निघाला की मालनबाईची पांढरी कोंबडी काळी होऊन बाहेर आली. मालनबाई मला म्हणाली, "भावजी, ही आता अंडी कंच्या रंगाची देनार?"

शेवटी रंग. खाली हिरवा, वर पिवळसर. सगळी मोटार रंगवली, एक पट्टी राहिली. रोजच्या कुंकवाने तिचं लोखंड लाल पडलं होतं. मी दोनदा ब्रश नेला आणि दोनदा परत आणला.

योसेफ म्हणाला, "तेवढंच राह्यलं."

"राहू दे."

"डाग दिसतोय."

"राहू दे म्हनलं ना."

त्याने रंगाचा डबा उचलला आणि झाकण लावून घेऊन गेला.

समारंभाच्या दिवशी बँड होता, पताका होत्या. दारं लावून झाली होती, पण सगळ्यांना दिसावं म्हणून उघडी बांधून ठेवली होती. मी गिअरपाशी उभा राहिलो. माझं सगळं ध्यान इंजिनच्या आवाजाकडे होतं, कारण एका नोझलचा मला भरवसा नव्हता. पुढे काय झालं ते मला योसेफने नंतर सांगितलं.

चेअरमननी पायरीवर पाय ठेवला. समोर लाल पट्टी दिसली. ते थबकले, खाली उतरले, कोल्हापुरी चपला काढल्या, पट्टीला हात लावून कपाळाला लावला आणि आत आले. चेअरमननी काढल्या म्हणून डायरेक्टरांनी काढल्या. डायरेक्टरांनी काढल्या म्हणून नगरहून आलेले मोठे पाहुणे पायरीवर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. शेवटी योसेफनेही बूट काढले.

"तू का काढलेस?" मी त्याला नंतर विचारलं.

"सवय," तो म्हणाला. "वहिनींनी लावलेली."

सगळे बसल्यावर मी हॉर्न दिला आणि मोटार सोडली.

फार सुंदर चालली. उगाच म्हणत नाही. पाटाच्या कडेने गेलो, पुलावरून गेलो, बायका खुरपी थांबवून बघत होत्या. नगरचे पाहुणे म्हणाले, "अगदी घरात बसल्यासारखं वाटतंय." मी परत एकदा हॉर्न दिला.

आठ नंबरच्या मळ्यावर मोटार थांबवली. रुळापासून मांडवापर्यंत तुटलेल्या उसाचं रान होतं. उसाची टोकदार खोडं, त्यांच्यामध्ये सराटे आणि वर चैत्राचं ऊन. चेअरमननी एक पाय खाली टाकला आणि लगेच वर घेतला. मग स्वतःच्या पायाकडे बघितलं. मग बाकड्याखाली बघितलं.

"चपला कुठं हायेत?"

सगळ्यांनी आपापल्या पायांकडे बघितलं.

योसेफ म्हणाला, "कारखान्यावर. वळीनं लावल्यात."

"कानिफनाथ, मोटार मागं घे!"

"साहेब, मागचा गिअर न्हाई."

"मागं कुनाला जायचंय म्हनत हुते," योसेफ खिडकीकडे तोंड करून पुटपुटला.

जीप अजून यायची होती. मांडवात लोक हार घेऊन उभे होते. इकडून कुणी उतरेना. शेवटी तिकडच्यांनी हार मोटारीत आणून घातले आणि माईकची तार ओढत रुळापर्यंत आणली. नगरच्या पाहुण्यांनी दारातल्या पायरीवर उभं राहून भाषण केलं. पायरीचं लोखंड तापलेलं, म्हणून एक पाय दुसऱ्या पायावर. सहकार आणि प्रगती यावर बोलायचं होतं, पण पाय बदलायची वेळ आली की वाक्य संपायचं. एवढं आटोपशीर भाषण आमच्याकडे पूर्वी झालं नव्हतं. लोकांनी टाळ्याही मनापासून वाजवल्या.

तेवढ्यात पाटाच्या रस्त्याने एक बैलगाडी आली. गाडीत साखरेचं पोतं आणि पोत्यावर मालनबाई.

"काय मानसं तरी!" ती लांबूनच ओरडली. "समद्या वहाना टाकून निगालात व्हय? कुत्र्यानं एक पळवली, तिच्यामागं सबंद कारखाना पळत हुता!"

तिने पोतं मोटारीच्या पायरीशी उपडं केलं. सगळे तुटून पडले. एका डायरेक्टरच्या दोन पायांत दोन गावच्या चपला होत्या. पाहुण्यांचा बूट योसेफच्या पायात गेला आणि योसेफचा त्यांच्या. एकाला बूट एकदम आवळ का झाला आणि दुसऱ्याला ढिला का, ते दोघांनाही कळेना. चेअरमनच्या एका चपलेचा अंगठा कुत्र्याने कुरतडला होता.

सगळ्यांचं घालून झालं तरी खाली एक जोड राहिला. बायकी, लहान, टाचेला झिजलेला. एक पट्टा तांब्याच्या तारेने बांधलेला. ती तार मी बांधली होती.

"ह्या कुनाच्या?" चेअरमननी विचारलं.

मालनबाईने बघितलं आणि तोंडावर पदर घेतला. "आगं बाई. पायरीखालच्या बी उचलल्या की मी."

"आमच्या घरातल्या हायेत," मी म्हटलं.

चेअरमननी त्या चपलांकडे बघितलं. मग दारातल्या लाल पट्टीकडे बघितलं. मग आपल्या चपलेचा कुरतडलेला अंगठा ओढून सरळ करत बसले.

"कानिफनाथ," ते खालीच बघत म्हणाले, "ही मोटार गेटवर नको."

"का, साहेब?"

"म्या काढल्या तशा उद्या परत्येक जन काढंल. कारखान्याच्या तोंडाला चपलांचा ढीग आन भवतीनं कुत्री. मला कारखाना चालवायचाय."

"मग?"

"आलीय हितं तर राहू दे. मळ्याला राखनदार पायजेच. सुट्टीच्या दिवशी बैलांनी वढून कारखान्यावर न्यायची, आन कुनाला बसायचं आसंल त्याला घेऊन हिकडं यायचं. पोराबाळांना गंमत."

"आन चाळीतली खोली?"

"ती कुनीबी घेईल. दार हाय तिला," चेअरमन म्हणाले आणि एक पाय फरफटत मांडवाकडे गेले.

तेव्हापासून मी आठ नंबरच्या मळ्यावर राहतो. दोन्ही दारं परत खोलली. एक मालनबाईला दिलं, कुरडयांचे दिवस होते. रविवारी लोक बसायला येतात. मी प्रत्येकाला सांगतो, "चपला काढा, पन हातात घ्या." सगळे मांडीवर चपला घेऊन बसतात, नव्या बाळाला घ्यावं तसे अवघडून. मालनबाई अधूनमधून येऊन पट्टीला हळदीकुंकू लावते. किती लावायचं ते मला समजत नाही.

चांगुणाच्या चपला पायरीखाली असतात. रविवारी बैल जुंपायच्या आधी मी त्या आत घेतो. मागचा गिअर अजून मिळालेला नाही.