गुतूच्या आईच्या जागी

"अहो, हा तोलासा आजही ताटावरून उठून गेला बघा," कमलिनी भात उपसता उपसता म्हणाली. "दिरिबा आत आला की ह्याचं जेवण खलास."

आखातात, देऱ्यातल्या तिच्या खाणावळीत दोघेही रोज जेवायचे. दोघे इथिओपियातल्या ओरोमो जमातीचे, शेजारशेजारच्या गावचे. मार्चमध्ये शारजाच्या रस्त्यावर दिरिबाची पिकअप उलटली आणि त्याच्या शेजारी बसलेला गुतू, तोलासाचा धाकटा भाऊ, जागीच गेला.

"कोर्टात मिटलंय की सगळं," अरुण, तिचा नवरा, म्हणाला. "ॲक्सिडेंटच होता तो."

पण कमलिनीला राहवेना. दुसऱ्या दिवशी तिने तोलासालाच विचारलं, "गुस्सा है क्या?"

"गुस्सा नहीं, दीदी. हमारे में जिसके हाथ से आदमी गया, उसके साथ खाना-पानी बंद. बूढ़े लोग बैठके सुलह करवाते, तब खुलता."

"तो बिठाओ ना बूढ़ों को!"

तोलासा पहिल्यांदाच हसला. "इधर बूढ़ा कौन, दीदी? बूढ़े को कोई वीज़ा देता क्या?"

शेवटी शुक्रवारी दुपारी खाणावळ बंद ठेवून त्यांच्याच लोकांतले तिघे जण पंच म्हणून बसले. त्यांतला सर्वांत वडील जमाल, अजमानला वॉचमन. त्याचीही पन्नाशी उलटली नव्हती. प्रत्येकाच्या मुठीत हिरवं गवत होतं.

"ये काहे को?" कमलिनीने विचारलं.

"हाथ में घास, तो झगड़ा नहीं," जमाल म्हणाला.

दिरिबा दाराशीच गुडघ्यांवर बसला. आधी तोलासा बोलला, मग तो. भाषा कमलिनीला कळत नव्हती. कुणी कुणाला मध्येच तोडत नाही, एवढं मात्र कळत होतं. ती पदराला हात पुसत ऐकत राहिली.

अचानक जमाल तिच्याकडे वळला. "गुतू की माँ इधर नहीं. होती तो पहले उससे पूछते. उस दिन उसने किसके हाथ का खाया था?"

"मेरे."

"तो तुम बोलो, दीदी."

गुतू तिला 'आय्यो' म्हणायचा. त्यांच्याकडे आईला तसं म्हणतात. मार्चपासून तीही दिरिबाला त्याच्या तोंडाकडे न बघताच वाढत आली होती. आज तिने पाहिलं. पोरगा निम्मा झाला होता.

"आख़िर में वो कुछ बोला था?" तिने दिरिबाला विचारलं.

"गा रहा था," दिरिबा म्हणाला. "मैं भी."

कमलिनी आत गेली. एका मोठ्या थाळीत भात आणि मटण वाढून तिने ती दोघांच्या मध्ये ठेवली.

"खाओ," ती म्हणाली. "दोनों."

जमालने दोघांच्या हातांवर पाणी घातलं. तोलासाने घास कालवला आणि दिरिबाच्या तोंडात घातला.

दिरिबाला तो गिळता येईना. डोळे मिटून, गाल फुगवून तो तसाच बसून राहिला. कुणीही घाई केली नाही.