पांढऱ्या पेशींचे श्रेय

केमोनंतर काकूंच्या पांढऱ्या पेशी तळाला गेल्या. त्या वाढल्याशिवाय पुढचा डोस मिळणार नव्हता, म्हणून डॉक्टरांनी पेशी वाढवणाऱ्या इंजेक्शनांचा कोर्स दिला. नर्स रोज घरी येऊन पोटावर सुई टोचून जायची.

कोर्स निम्मा झाला तेव्हा रिपोर्ट थोडा सुधारला आणि घरात श्रेयाची वाटणी सुरू झाली. नणंदेने ते आपल्या बीटाच्या रसाला दिले. धाकट्या दिरांनी आपण फोनवरून पाठवलेल्या शुभ लहरींना दिले. काकूंची कंबर रात्रंदिवस ठणकत होती, तिला मात्र कोणी वाली नव्हता. ती एकमताने इंजेक्शनच्या माथी मारली गेली.

त्या दिवशी नर्स आली, तर नणंद दारातच आडवी. "आता सुई नको हो. वहिनीची कंबर गेली. पेशी काय, रसाने वाढताहेतच."

"माझ्या लहरीही चालू आहेत," दीर सोफ्यावरून म्हणाले.

आतून काकूंचा आवाज आला. "वन्सं, त्यांना आत येऊ द्या. पेशी हाडांच्या आत तयार होतात आणि सुईने तिथलं काम वाढतं, म्हणून कंबर ठणकते, असं डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलंय. या घरात माझी हाडंच तेवढी राबताहेत. त्यांना तरी घरी बसवू नका."

नर्सने सुई दिली. नणंदेने फुगलेल्या गालांनी रसाचा पेला पुढे केला.

"तो भाऊजींना द्या," काकू म्हणाल्या. "लहरी पाठवून दमले असतील."