मांडवाचा डहाळा

"वैनी, बैलगाडी आणली. पाच-सहा डहाळे तोडू द्या," उत्तमराव शेताच्या बांधावरूनच ओरडला.

"तोडा ना! हिरवा सापडला तं तोडा," मनकर्णाबाई फणकारल्या.

उत्तमराव त्यांचा सख्खा दीर. उद्या त्याच्या लेकीचं, राखीचं लग्न, आज मांडव. घरातल्या प्रत्येक लग्नात मांडवावर मनकर्णाबाईंच्या गोठ्याजवळच्या याच आंब्याचे डहाळे चढलेले. पण दोन वर्षांपूर्वी या पठ्ठ्यानं शेजारच्या वावरात वीटभट्टी पेटवली. कोळशातल्या गंधकाचा धूर वाऱ्यासोबत सरळ आंब्यावर. पानं करपली, कैऱ्या टोकाशी काळ्या पडून गळायला लागल्या. मनकर्णाबाईंनी हात जोडून सांगितलं, भांडून सांगितलं. हा ढिम्म.

आता तो मान वर करून झाडाभोवती फिरला.

"औंदा ऊन लय हाये," तो पुटपुटला.

"ऊन? भट्टीपल्याडच्या निंबाले काऊन नाही लागलं ऊन? धूर तुमचा, आन बदनाम सूर्य!"

"लग्नाचं घर हाये वैनी, आज तरी भांडू नोका."

"मंग काय ओवाळू तुमाले? मामंजीनं लावलेलं झाड मारून राह्यले तुमी. भट्टी बंद करता का, बोला!"

"लगन त्याच भट्टीच्या पैशावर होऊन राह्यलं," तो भडकला. "ठेवा तुमचा पाला. मेहकरातून प्लास्टिकचं तोरण आणतो."

"आणा! शोभते तुमाले!"

गाडी रिकामी परतली. मनकर्णाबाईंचा संताप उतरेना, पण ते प्लास्टिकही डोळ्यांपुढून हलेना. राखी याच झाडावर चढत-उतरत मोठी झालेली. बापाचा राग पोरीवर काढायचा?

गोठ्याच्या भिंतीआड धुरातून वाचलेली एकच फांदी हिरवी होती, कैऱ्यांनी लगडलेली. त्या पिकल्या की कोया रुजवायच्या, म्हणजे झाड मेलं तरी त्याचं बी राहील, एवढीच आशा त्यांनी धरली होती. त्यांनी कोयता घेतला.

संध्याकाळी मांडवात त्यांनी फांदी राखीच्या हातात दिली.

"मोठ्याई, कैऱ्यासकट तोडली?" राखीचे डोळे भरून आले.

"बांध वर."

उत्तमराव खाली मान घालून पुढे आला. "वैनी, जेवून जा."

"पोरीसाठी आली मी. तुमच्या घरचं पाणी बी नोको."

फांदी वर बांधताना एक कैरी तुटून खाली पडली. मनकर्णाबाईंनी ती उचलून दाबून पाहिली. कोय अजून धरली नव्हती, रुजणार नव्हती. तरी त्यांनी ती पदरात बांधली आणि घरची वाट धरली.