शिव्यांचेही अर्थ सांगणारी डिक्शनरी

मी एक जुनी इंग्रजी-मराठी डिक्शनरी आहे, मित्रांनो. पुठ्ठा सुटलाय, पानं पिवळी पडलीत, पण माझ्यातला एकही शब्द कधी कमी झालेला नाही. गोड शब्द मिरवायचे आणि शिव्या पदराआड लपवायच्या, असली थेरं मला जमत नाहीत.

एका शिक्षिकेने मला वीस वर्षं लेकीसारखं जपलं. ती गेली आणि मी रद्दीत आले. तिथून एका शिवणकारखान्यात, तेही इस्त्रीच्या टेबलाचा पाय डुगडुगतो म्हणून त्याच्याखाली. एवढी शिकलेली मी, आणि काम काय, तर पायाला टेकण!

तिथला मुकादम बायकांवर इंग्रजीत खेकसायचा. मराठीत बोलला असता तर कुणीतरी कात्री भिरकावली असती. इंग्रजीत बोलला की बायका हसायच्या. "साहेब शिकलेले हो," म्हणायच्या. एकदा सगळ्या ओळीला तो "बास्टर्ड्स" म्हणाला. तेव्हाही हसल्या. काजं करणारी नवी पोर तेवढी हसली नाही. तिला इंग्रजी कळत होतं, आणि तिला एकट्या आईने वाढवलं होतं.

सुटी झाल्यावर तिने डबा उचलला. "मावशी, मी उद्यापासून येत नाही."

मावशी म्हणजे तिथली सगळ्यांत जुनी शिवणारी. चौथीत शाळा सुटलेली, जीभ मात्र धारदार.

"का गं? काय म्हणाला तो?"

पोरीला तोंडाने सांगवेना. मावशीने वाकून मला टेबलाखालून ओढलं, पदराने पुसलं. "यात असेल ना? बोट ठेवून दाखव."

अक्षराला अक्षर जोडत मावशीने वाचलं: 'लग्नाविना झालेले मूल, शिवी.' मग तिने मुकादमाचे बाकीचे शब्दही शोधायला लावले. 'डॅम' म्हणजे मुळात शाप, आता वैतागाचा उद्गार. 'ब्लडी' म्हणजे रक्ताळलेला, रागात कशालाही चिकटवतात.

"हे दोन शब्द बोटात सुई घुसल्यावर चालतील," मावशी म्हणाली. "पण तो पहिला आपल्या आयांवर आहे, आणि आपण दात काढत बसलो. तू उद्या येणार. नाही आलीस तर मी तुझ्या दारात येऊन बसेन."

त्या कारखान्यात मुकादमानेच घातलेली एक रीत होती. जिचं शिवण बिघडलं, तिने उभं राहून आपली चूक सगळ्यांसमोर वाचायची. सकाळी मावशीने मला उघडून त्याच्यापुढे धरलं.

"साहेब, ही तुमची चूक. अर्थ मराठीत आहे, मोठ्याने वाचा."

"अहो मावशी, सवयीने येतं तोंडात. अर्थ कोण धरतो?"

"हिने धरला. वाचा."

सगळ्या मशिनी थांबल्या. "लग्नाविना..." एवढं त्याने वाचलं. समोर ती पोर उभी होती. त्याला पुढचं वाचवेना. "चुकलो," तो पुटपुटला.

"मला नको. तिला सांगा."

त्याने तिला सांगितलं. पोर जागेवर जाऊन बसली आणि तिने सुईत दोरा ओवला.

मित्रांनो, माझी पानं फाडू नका, मला रद्दीत घालू नका, हे तर आहेच. पण आणखी एक ऐका. जो शब्द एखादीच्या डोळ्यांत बघून मराठीत वाचता येणार नाही, तो तिला कुठल्याच भाषेत म्हणू नका. शंका आली तर मला उघडा. मी खरं तेच सांगेन.