काच काढलेला फोटो

"अप्पा, बोट हळूच टेकवा. दारावरची बेल न्हाई ती, पडदा हाय."

स्टुडिओवाल्या मोहनरावांच्या बोलण्यावर मन्मथप्पांची लेक कावेरी हसली. मन्मथप्पा हसले नाहीत. परळीच्या त्या स्टुडिओत नवीनच मशीन आलं होतं. कॅमेऱ्यातलं कार्ड त्यात सरकवायचं, पडद्यावर फोटो बघायचे, हवा तो आपणच निवडायचा. मन्मथप्पा धर्मापुरीचं दुकान बंद ठेवून आले होते ते एकाच फोटोसाठी. कावेरीच्या मुलीच्या बारशात काढलेला, त्यांच्या बायकोचा, शांतादेवीचा.

पडद्यावर कावेरीची मुलगी रांगत होती, दही सांडत होती, आजोबांची टोपी ओढत होती.

"तुझी आई कुठं हाय गं?"

"बघायली की अप्पा."

पण शेवटचा फोटो सरला आणि पुन्हा पहिलाच आला. कावेरी बोट फिरवायची थांबली.

"दादानं कॅमेरा मला देतानाच कार्ड रिकामं केलतं वाटतं."

पुण्याच्या रवीनं, मन्मथप्पांच्या मुलानं, कॅमेऱ्यापाठोपाठ फोटो छापायचं यंत्रही घरी घेतलं होतं. "स्टुडिओवाल्याच्या पायऱ्या कावून झिजवायच्या अप्पा? घरीच छापू." शांतादेवी कुठल्याही फोटोत मान खालीच घालायची. बारशात मात्र नातीचं नाव घेताना तिला हसू फुटलं आणि रवीनं तेवढ्यात टिपलं. ती गेल्यावर त्यानं तोच मोठा करून, चौकटीत बसवून आणला. पुढं त्याचा कॉम्प्युटर बिघडला, आतलं सगळं गेलं. "आईचा तेवढा कागद राहिला अप्पा," त्यानं फोनवर सांगितलं होतं.

"मग छापलेलाच द्या की," मोहनराव म्हणाले. "त्याच्यावरून दुसरा काढू."

मन्मथप्पांनी पिशवीतून पंच्यात गुंडाळलेली चौकट काढली. पंचा उलगडला आणि मोहनराव वाकून बघू लागले. कपाळाच्या जागी पांढुरका डाग होता. भुवया ओघळून डोळ्यांत, डोळे गालांवर आले होते. हसू कुठं होतं, ते आता माहीत असणाऱ्यालाच कळलं असतं.

"पाणी पडलं का ह्याच्यावर?"

"विभूती लावतो रोज. तीन बोटं."

"काचेवरून?"

"काच काढली मी. काचेवर लावली तर काचेलाच लागती. तिला कुठं लागती?"

घरात मन्मथप्पांच्या आईवडिलांचे फोटो होते, जुन्या स्टुडिओतले. त्यांच्या उघड्या कपाळांवर ओली विभूती लावत त्यांचा जन्म गेला होता. त्या कागदांना कधी काही झालं नव्हतं.

"घरच्या छपाईची शाई पाण्यात विरघळती अप्पा," मोहनराव हळू आवाजात म्हणाले. "ह्याच्यावरून काय निघणार? हायच न्हाई तर मशीन तरी कुठून आणंल?"

"रोज दिसत न्हवतं का हो तुमाला?" कावेरीचे डोळे भरून आले.

"रोज इवलं इवलं गेलं बाई. मला वाटलं, माझीच नजर गेली."

तेवढ्यात कावेरीचा मोबाइल वाजला. रवी होता. तिनं काही सांगायच्या आत मन्मथप्पांनी फोन हातात घेतला.

"अप्पा, तुमी परळीत? तब्येत बरी हाय ना?"

"लेकीला भेटाया आलतो."

"आईचा फोटो कसा हाय? त्याच्यावर ऊन येऊ देऊ नका बरं. रंग उडंल."

मन्मथप्पांनी समोरच्या कागदाकडे पाहिलं.

"न्हाई येत ऊन. लई चांगला छापलास बघ रवी. आत्ता बोलंल, असा."

कावेरी तोंडाला पदर लावून दाराबाहेर गेली.

परतीच्या एसटीत शेजारी एक म्हातारी बसली होती. मांडीवरची चौकट बघून तिनं विचारलं, "कुणाचा फोटू हाय दादा?"

"घरच्या मंडळींचा."

"दावा की."

मन्मथप्पांनी पंच्याची गाठ आणखी आवळली.

"सावळी होती," ते म्हणाले. "डाव्या गालावर तीळ होता. हसली की तो वर सरकायचा."

म्हातारीनं मान हलवली. खिडकीबाहेर उसाची रिकामी रानं मागं पडत होती आणि मन्मथप्पा तिला सांगत होते: नाक कसं होतं, केस कुठून पांढरे झाले होते, दात कसे होते.