गुलाबांच्या जागी

बोटाच्या टोकावर ती पट्टी — नखाच्या कोरीएवढी, पारदर्शक, एका बाजूनं चिकट — आणि चिगुसा आरशाला नाक लावून ती पापणीत दाबत होती, श्वास रोखून, कारण जरा हललं की घडी वाकडी पडते आणि मग एक डोळा जागा, दुसरा पेंगुळलेला. घरात बघायला होतं कोण? दिवसभर कागद आणि ती. पण चाळिशी उलटली तरी रोज सकाळी पापणीला ही डोळे मोठे दाखवणारी घडी हवीच... शाळेपासूनची सवय. आई म्हणायची, डोळे तेवढे मोठे असते तर — ते 'तर' आईनं कधी पुरं केलं नाही.

तीच घडी तिचा हात सायोच्या पापणीवरही काढून मोकळा व्हायचा. सायो म्हणजे तिच्या चित्रकथेतली बाई, चाळिशीचीच, एकटी. बायकांच्या एका मासिकात कथा वर्षभर चाललेली, आणि आज संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं ते पान, ज्याच्यासाठी वर्षभराचा सगळा खटाटोप — सायो तिला आवडणाऱ्या माणसाला पहिल्यांदा जवळ ओढते ते. कच्च्या आराखड्यात चिगुसानं तिला पोट दिलं होतं, बसल्यावर वळी पडते तसलं. संपादक सेगावाबाई फोनवर गोड आवाजात म्हणाल्या होत्या, "पोट जरा आवरा. डोळे वाढवा. आणि ऐन क्षणी नेहमीसारखे गुलाब, पानभर. आपल्या बायका स्वतःला बघायला येत नाहीत हो चिगुसा-सान, स्वतःला विसरायला येतात." खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त झोंबलं. नाही ऐकलं तर पुढच्या अंकात कथा गुंडाळायची, हेही त्याच गोड आवाजात.

दुपारी गुलाब काढायला बसली. झोपेतही काढेल इतके गुलाब आजवर काढले होते, पण आज पाकळीला पाकळी जुळेना. वैतागून उठली आणि गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात गेली.

वाफेत सगळ्या बायका आपापल्या बुटक्या स्टुलांवर — लोंबलेल्या, सुटलेल्या, टाके पडलेल्या, निवांत. शेजारच्या तात्सुएआजींनी न विचारताच तिची पाठ घासायला घेतली.

"काय गं, तुझी ती सायो जेवते की नाही?"

"जेवते की, आजी."

"मग जातं कुठे? कंबर बघावी तर चिमटीत मावेल. आणि ऐन वेळी फुलं. मेली फुलंच फुलं. मी काय फुलं बघायला मासिक घेते?"

"मग काय बघायला घेता?"

आजींनी आजूबाजूला नजर टाकली. लाजून नव्हे, सगळ्या ऐकतायत ना, याची खात्री करायला. "त्या बाप्याचे हात. नीट कधी दाखवतच नाहीस. मरायच्या आधी एकदा पोटभर बघू दे की, बाई."

न्हाणीघर खदखदून हसलं. चिगुसाही हसली, डोळे पुसले तर पट्टी बोटाला चिकटून आली, आणि तिला एकदम तो कोपर आठवला...

होसोयाचा कोपर. गेल्या महिन्यात तो चटईवाला खोलीतली तातामी बदलायला आला होता. जाड चटईच्या काठातून दोरा ओवायचा आणि तो घट्ट बसावा म्हणून कोपर रोवून अंगाचं सगळं वजन टाकायचं — दंडावरची शीर फुगायची, मानेवर घाम — आणि ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी, चहाचं पार पाणी झालं तरी उभीच. बघत. त्याचं लक्षही नव्हतं. मग इतकी वर्षं मी काढलं काय? बघितल्या जाणाऱ्या बायका. त्या काय बघतात ते कधी काढलंच नाही!

ओल्या केसांनी घरी येऊन तिनं आधी कोपर काढला, मग शीर, मग मान, आणि हात असा धावत सुटला की तिला स्वतःलाच हसू येत राहिलं. सायोची वळी परत आली. राहिला चेहरा. चेहरा काढताना तो आधी आरशात करून बघायचा, ही धंद्याची रीत. आजवर ती ओठांचा चंबू करून काहीतरी गोंडस करायची. आज नुसता तो कोपर आठवला आणि मान वर केली. नाकपुड्या रुंदावलेल्या, तोंड जरासं उघडं, आणि डोळे... बारीक. हवंसं वाटतं तेव्हा माझे डोळे बारीक होतात की. मोठे डोळे दिसायला बरे, बघायला हेच. दिसलं तसं काढलं आणि विचार बदलायच्या आत पाठवून दिलं.

फोन आला. सेगावाबाईंचा. म्हणाल्या, "हे... असं बघतंय कोण, चिगुसा-सान?"

"मी."

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली.

"छापायचं की नाही ते उद्या सांगते," आवाजातला गोडवा गेला होता. "वाद होणार आहे इथे." मग हळूच, "एक प्रत मी घरी नेतेय."

फोन ठेवल्यावर ती तशीच बसून राहिली, आता लाज वाटेल, मग वाटेल म्हणून. कान तापले होते तेवढेच. लाज काही आली नाही, भूक मात्र सपाटून लागली होती.