किर्स्टीची गाठ

"ती सुरी आधी खाली ठेवा," एल्स्पेट म्हणाली. "त्या फितीला सुरी लागायची नाही."

वॉटी खुंटीकडे हात वर करून तसाच थांबला. खुंटीला ओटची पेंढी टांगलेली होती, मधोमध निळी फीत बांधलेली. कापणीतली शेवटची पेंढी घरातल्या धाकट्या मुलीने बांधायची, जमिनीला टेकू न देता घरी आणायची आणि जुन्या दिनदर्शिकेतल्या नाताळच्या सकाळी गाभण घोडीला चारायची, ही त्या शिवारातली रीत. आज तीच सकाळ होती. यंदाची पेंढी त्यांच्या सहा वर्षांच्या लेकीने, किर्स्टीने बांधली होती. सुटेल या भीतीने पोरीने गाठीवर गाठ आणि तिच्यावर आणखी एक गाठ मारली होती. महिन्याभरात घटसर्पाने तिचा घसा धरला आणि तीन दिवसांत ती गेली.

तेव्हापासून पेंढी सळसळू लागली. दारे-खिडक्या बंद असत, वाऱ्याचा मागमूस नसे आणि दिवेलागणीला लोंब्या हळूच कुजबुजत. आधी एल्स्पेटच्या अंगावर काटा यायचा. पुढे पुढे ती दिवसभर त्या आवाजाचीच वाट पाहू लागली.

"ऐकलंत?" ती विचारी.

"उंदीर असतील," म्हणून वॉटी पाइपमध्ये तंबाखू ठासत राही. उंदीर असते तर मांजर त्या भिंतीकडे पाठ करून कशाला बसली असती?

"शेजारच्या मॅकीनं पेंढी चारली नाही, तर शिंगरू मेलेलं निघालं त्याच्याकडे," सुरीकडे बघत चुलीपाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "तुझं दुःख मोठं, पोरी. पण त्या गाभण बेलनं काय घोडं मारलंय तुझं?"

"आई, गप्प बस जरा," वॉटी म्हणाला.

"मी गप्प बसले, तर या घरात बोलणारं उरलंय कोण?"

बेलच्या पोटाला कान लावून आतल्या शिंगराशी तासन्‌तास गप्पा मारणारी किर्स्टी एल्स्पेटला आठवली. ती उठली, पेंढी खुंटीवरून काढली आणि निजलेले मूल घ्यावे तशी खांद्याशी धरून तबेल्यात गेली.

फीत तिने सोडली नाही. एकेक काडी फितीतून ओढून ती घोडीला चारू लागली. थंडीने तिची बोटे निळी पडली.

"अगं, अशानं दुपार होईल," वॉटी म्हणाला.

"होऊ द्या."

मग तोही पुढे झाला आणि फीत खाली पडू नये म्हणून त्याने खालून ओंजळ धरली. शेवटची काडी निघाली तसे फितीचे ते रिकामे कडे त्याच्या हातात पडले. तिन्ही गाठी जशाच्या तशा होत्या. बराच वेळ त्याने मूठ उघडलीच नाही.

फीत पुन्हा खुंटीला गेली. दिवेलागण झाली. सासूबाई पेंगत होत्या. एल्स्पेट विणायला बसली, पण कान भिंतीकडेच होते. मांजर येऊन खुंटीखाली अंगाचे मुटकुळे करून निजली. वॉटीने पाइप पेटवलाच नव्हता.

"आज बोलली नाही गं ती," तो म्हणाला.

एल्स्पेटच्या सुया थांबल्या. "उंदीर म्हणायचात ना?"

"म्हणायचो."

तिने आपले स्टूल उचलले आणि त्याच्याजवळ नेऊन ठेवले. मग दोघेही त्या भिंतीकडे कान लावून बसून राहिले.